कुंग फूचा क्लास असो की कुस्तीची तालीम, चांगला वस्ताद ओळखायचा कसा?

काळा पट्टा, भिंतीवरची प्रमाणपत्रं, शिष्यांची पदकं. यातून गुरूची पारख होते का? लातूर जिल्ह्यातून घडलेल्या दोन वस्तादांची उदाहरणं वेगळंच काही सांगतात.

वार्षिक परीक्षा संपत आल्या की औसा, निलंगा, लातूर इथे एकाच साच्यातले फलक दिसू लागतात. पांढरा पोशाख, हवेत उंच गेलेला पाय, खाली कराटे, तायक्वांदो, कुंग फू, किक बॉक्सिंग अशी चार-पाच नावं आणि एक मोबाइल नंबर. 'मुलींसाठी स्वसंरक्षण' ही ओळ आता बहुतेक फलकांवर असते. पालक फोन करतात, फी आणि वेळ विचारतात. शिकवणारा माणूस कसा आहे, हे मात्र विचारायचं राहून जातं. कारण ते विचारायचं कसं, हेच ठाऊक नसतं.

गणित-विज्ञानाच्या शिकवणीचं तसं नाही. 'लातूर पॅटर्न'च्या या जिल्ह्यात शिक्षक निकालावर मोजायची सवय अंगवळणी पडली आहे. तीच मोजपट्टी मग कुंग फूच्या क्लासलाही लावली जाते. सरांकडे कोणता बेल्ट आहे? किती मुलांना पदकं मिळाली? हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. मार्शल आर्टचा शिक्षक पारखायचा तर त्यानं काय मिळवलं यापेक्षा तो काय राखून ठेवतो, हे आधी पाहायला हवं.

आधी समजून घेऊ : कुंग फू म्हणजे नेमकं काय?

चिनी भाषेत 'कुंग फू' या शब्दाचा मूळ अर्थ मारामारी असा नाही. वेळ आणि कष्ट देऊन कमावलेलं कौशल्य, असा तो अर्थ आहे. उत्तम स्वयंपाकी किंवा उत्तम सुलेखनकार यांच्या कौशल्यालाही हा शब्द लागू होतो. शिकवणाऱ्याला 'शिफू' म्हणतात. हा शब्द चिनी लिपीत लिहिताना 'गुरू' आणि 'वडील' अशी दोन अक्षरं एकत्र येतात.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. आपला 'वस्ताद' फारसी 'उस्ताद'वरून आला आणि तालमीत स्थिरावला. तालमीत नुसतं 'सर' म्हणून भागत नाही, नातं जोडावंच लागतं. म्हणून हरिश्चंद्र बिराजदार पैलवानांचे 'मामा' झाले. गुरूला घरातला मोठा माणूस मानायची ही रीत चीनमध्येही आहे आणि मराठवाड्यातही. या नात्यात जिव्हाळा आहे. धोकाही आहे, कारण घरातल्या मोठ्या माणसाला कुणी हिशेब विचारत नाही.

स्पर्धेच्या जगात कुंग फूचं मान्यताप्राप्त रूप 'वुशू' नावानं खेळलं जातं. त्यात दोन विभाग आहेत. 'ताओलू'मध्ये ठरलेल्या हालचालींचं सादरीकरण होतं आणि 'सांदा'मध्ये प्रत्यक्ष लढत. आशियाई स्पर्धेत वुशू १९९० पासून आहे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये मणिपूरच्या नाओरेम रोशिबिना देवीनं सांदाच्या ६० किलो गटात भारतासाठी रौप्य जिंकलं होतं.

पट्ट्याचा रंग काय सांगतो?

फारच थोडं. पट्ट्याची पद्धत मुळात कुंग फूची नाहीच. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्यूदोची कोडोकान संस्था सुरू केली. शिष्यांचे दर्जे ठरवण्याची आणि काळ्या पट्ट्याची पद्धत तिथून आली. पिवळा, हिरवा, निळा अशी रंगीत शिडी नंतर, ज्यूदो युरोपात पसरला तेव्हा रुजली. पारंपरिक कुंग फूमध्ये पट्टे नव्हते. तिथे शिष्य कुणाचा, हीच ओळख असायची.

म्हणजे 'कुंग फू ब्लॅक बेल्ट' ही उसनी वस्तू आहे. पट्टा उसना आहे म्हणून शिक्षक वाईट ठरत नाही. लहान मुलांना पुढची पायरी दिसत राहिली तर ती टिकतात, हे खरंच आहे. पण काळा पट्टा देणारी जगात एकच संस्था नाही. ज्याची संघटना तोच परीक्षक आणि तोच प्रमाणपत्र देणारा, असंही असू शकतं. दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला वेगळी फी आणि नापास कुणीच नाही, असा प्रकार दिसला तर तिथे पट्टा मिळत नाही, विकला जातो.

घराण्याच्या नावाचंही तेच. 'शाओलिन परंपरा' हे शब्द फलकावर वजनदार दिसतात. पण खुद्द शाओलिन मंदिराच्या मठाधिपतींवर जुलै २०२५ मध्ये आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपांवरून चौकशी सुरू झाली आणि त्यांना पद गमवावं लागलं. मूळ मंदिराचं नाव जिथे खात्री देऊ शकत नाही, तिथे तालुक्याच्या गावातल्या फलकावरचं नाव काय देणार?

शिष्यांची पदकं मोजली तर?

ही मोजपट्टी जास्त प्रामाणिक वाटते. सरकारही तीच वापरतं. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांमध्ये कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. शिष्यांनी काय जिंकलं, हा या पुरस्काराचा मुख्य आधार असतो.

अडचण इथेच आहे. समजा, एका नावाजलेल्या संकुलात राज्यभरातून निवडलेली १०० मुलं आली आणि त्यातल्या ५ जणांनी राष्ट्रीय पदक मिळवलं. दुसरीकडे एका गावातल्या क्लासमध्ये जिल्हा परिषद शाळेची ४० मुलं आली आणि त्यातली एक मुलगी राज्य स्पर्धेपर्यंत गेली. कोणता शिक्षक मोठा? नुसती पदकं मोजली तर पहिला. पण पहिल्याकडे आलेली मुलं आधीच तयार होती. फळ मोजताना बियाणं कोणतं होतं, हेही मोजावं लागतं.

शिकवण्यांच्या फलकांवर हेच होतं. पहिल्या दहांचे फोटो झळकतात, बाकीच्यांचं काय झालं ते कुठे छापलेलं नसतं. मार्शल आर्टमध्ये तर याची किंमत शरीरानं मोजावी लागते. कुणाचा गुडघा गेला, कुणाची मान दुखावली, कुणी भीतीनं यायचंच बंद केलं, याची नोंद भिंतीवर नसते.

शिक्षक स्वतः मोठा खेळाडू असावाच लागतो का?

मराठी माणसाला याचं उत्तर क्रिकेटमधून माहीत आहे. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. पण सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अजित आगरकर त्यांच्या हाताखालून गेले. तेंडुलकरनं शाळा बदलून शारदाश्रममध्ये जावं, हा सल्लाही आचरेकरांचाच होता. मुलाला कुठे जास्त सामने खेळायला मिळतील, हे त्यांनी पाहिलं.

मोठा खेळाडू मोठा शिक्षकही होऊ शकतो, हे लातूर जिल्ह्यानं दाखवलं आहे. औशाला लागून असलेल्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७२ मध्ये रुस्तुम-ए-हिंद. दिल्लीच्या सत्पालला त्यांनी हरवलं, ती कुस्ती जुने शौकीन आजही सांगतात. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मुलं घडवली. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांचं निधन झालं.

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली वाढला. वस्ताद गेल्यावर तो काका पवार यांच्याकडे गेला. तेही मूळचे लातूर जिल्ह्यातलेच. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलनं ५७ किलो गटात सुवर्ण जिंकलं आणि ते दिवंगत बिराजदार मामांना अर्पण केलं. २०१९ मध्ये नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत त्यानं ६१ किलो गटात कांस्य मिळवलं.

यातल्या दोन गोष्टी पालकांनी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे बिराजदारांनी घातलेला पाया असा होता की दुसऱ्या वस्तादाला त्यावर पुढची भिंत उभारता आली. 'मी नाही तर कुणीच नाही' अशी ती शिकवण नव्हती. दुसरी गोष्ट काका पवारांची. अर्जुन पुरस्कार मिळवलेले पवार स्वतः ग्रीको-रोमन शैलीचे मल्ल. या शैलीत प्रतिस्पर्ध्याचे पाय धरता येत नाहीत. राहुलची ही पदकं मात्र फ्रीस्टाइलमधली, जिथे पटात शिरणं हा खेळाचा गाभाच आहे. गुरूची शैली शिष्याची कमाल मर्यादा ठरली नाही.

'एक डाव राखून ठेवतो तो वस्ताद' हे कितपत खरं?

मराठीतली ही सर्वात आवडती तालीम-कथा. वस्ताद शिष्याला सगळे डाव शिकवतो, एक सोडून. शिष्य माजतो, वस्तादालाच आव्हान देतो. मग वस्ताद तो राखलेला डाव टाकतो आणि शिष्य चितपट होतो. राजकारणातल्या भाषणांत तर ही गोष्ट हमखास ऐकू येते. लहान मुलांना आपण तीच गोष्ट वाघाची आणि त्याच्या मावशीची म्हणून सांगतो. मांजरीनं सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं शिकवलं नाही. चीनमध्येही मांजर आणि वाघाची हीच गोष्ट सांगतात आणि 'एक हात राखून ठेवणं' असा वाक्प्रचारही तिथे आहे.

राजकारणात ही हुशारी असेल. शिकवण्याच्या धंद्यात मात्र तो दोष आहे. हिशेब सोपा आहे. समजा, वस्तादाला १०० डाव येतात. त्यानं एक राखला, तर शिष्याकडे ९९ गेले. शिष्यानंही वस्ताद झाल्यावर तेच केलं, तर पुढच्याकडे ९८. दहा पिढ्यांत दहा डाव गेले आणि विद्या आटत गेली. चांगल्या गुरूकडे हा आकडा वाढायला हवा, कारण शिष्य स्वतःचे दोन डाव त्यात घालतो.

हाँगकाँगमध्ये विंग चुन शिकवणारे इप मॅन आज जगाला ठाऊक आहेत ते ब्रूस लीमुळे. पण ब्रूस लीला प्रत्यक्ष शिकवण्याचं बरंचसं काम इप मॅन यांचे ज्येष्ठ शिष्य वाँग शुन लेउंग यांनी केलं. पुढे ब्रूस लीनं गुरूच्या चौकटीबाहेर जाऊन स्वतःची वेगळी पद्धत उभी केली. त्यानं इप मॅन यांचं नाव लहान झालं नाही, उलट जगभर गेलं.

इथे एक रास्त आक्षेप येतो. सगळंच पहिल्या दिवशी शिकवायचं का? अजिबात नाही. ढाक, कलाजंग असे उचलून टाकायचे डाव कच्च्या मानेच्या पोराला शिकवले तर इजा ठरलेली. म्हणून आधी जोर, बैठका, मान तयार करणं आणि पडायचं कसं, हे येतं. कुंग फू, ज्यूदोतही तसंच. क्रम लावणं आणि राखून ठेवणं यातला फरक ओळखायची खूण एकच. क्रम लावणारा शिक्षक कारण सांगतो, 'तुझी मान अजून तयार नाही, ती झाली की शिकवीन.' राखून ठेवणारा 'वेळ आली की कळेल' म्हणतो आणि ती वेळ पुढच्या फीबरोबर येते.

आजच्या क्लासमध्ये काय काय राखून ठेवलं जातं?

डाव राखणं ही जुनी गोष्ट झाली. यूट्यूबवर आज कुठलाही डाव बघायला मिळतो. आताचे राखीव डाव वेगळे आहेत.

पहिला, मूल राखून ठेवणं. दुसऱ्या क्लासच्या स्पर्धेला जायचं नाही, दुसऱ्या सरांकडे सराव करायचा नाही. मूल पुढे गेलं तर त्याला लातूरला, पुण्याला पाठवण्याऐवजी स्वतःच्या फलकावरचा फोटो म्हणून जपायचं.

दुसरा, खरी माहिती राखून ठेवणं. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, शालेय परीक्षेत वाढीव गुण आहेत. म्हणून प्रमाणपत्राला भाव आला आणि बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणंही राज्यात उघड झाली. स्पर्धेच्या नावात 'नॅशनल' किंवा 'इंटरनॅशनल' आहे म्हणून तिचं प्रमाणपत्र चालेलच असं नाही. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची हवी. कराटेचंच पाहा. २०२० मध्ये देशातल्या संघटनेची मान्यता आधी भारतीय ऑलिम्पिक संघटनेनं आणि नंतर जागतिक महासंघानं काढून घेतली. आपल्या खेळाचं प्रमाणपत्र आज कुठे चालतं आणि कुठे नाही, हे पालकांना पहिल्या महिन्यात सांगणारा शिक्षक फीसाठी खोटं बोलणार नाही, असं धरायला हरकत नाही. खात्री करायची तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारता येतं.

तिसरा, दार राखून ठेवणं. सराव पाहायला पालकांना मनाई, एका मुलाला किंवा मुलीला एकटं थांबवणं, 'घरी सांगू नका' असं म्हणणं. हे शिस्तीच्या नावाखाली चालत असेल तर तिथून मूल त्याच दिवशी काढावं. १८ वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे, आणि ज्याच्या ताब्यात, विश्वासात मूल आहे अशा माणसानं गुन्हा केला तर तो कायद्यानं अधिक गंभीर मानला जातो. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे.

मग पालकांनी पाहायचं काय?

फी भरण्याआधी एक तास बसून सराव बघावा. बेल्ट कळला नाही तरी पुढच्या गोष्टी कुणालाही कळतात.

• सर कुणाकडे बघतात? सगळा वेळ पुढच्या रांगेतल्या दोन चपळ मुलांवर जातो की मागच्या रांगेतल्या जाड, घाबरट मुलाचा पायही ते हातानं सरळ करतात?

• दुरुस्ती कशी करतात? 'चुकलं' असं ओरडतात की 'टाच उचलू नकोस' असं नेमकं सांगतात? पहिल्यातून मुलाला नुसती भीती मिळते, दुसऱ्यातून काहीतरी शिकायला मिळतं.

• पडायला शिकवतात का? लाथ उंच जाते की नाही, हे व्हिडिओत छान दिसतं. पण मूल पडताना हात आणि डोकं कसं सांभाळतं, यावर शिक्षकाचा दर्जा कळतो.

• प्रतिकार असतो का? समोरचा जोडीदार नेहमीच स्वतःहून पडत असेल तर ते नाटक आहे. मुलींच्या स्वसंरक्षणाच्या वर्गात तर हे फार घातक, कारण न आलेल्या विद्येचा आत्मविश्वास सोबत घरी येतो. चांगला शिक्षक 'आधी पळा, ओरडा, मदत मागा' हे पहिल्यांदा शिकवतो.

• दुखापत झाली तर? प्रथमोपचाराची पेटी आहे का, डोक्याला मार लागल्यावर मुलाला बाहेर बसवतात का? दुखत असताना 'मर्द बन' म्हणणारा शिक्षक धोक्याचा. ताकदीच्या इंजेक्शनचं किंवा वजन झटपट उतरवण्याचं बोलणारा त्याहून धोक्याचा.

• गेल्या वर्षी आलेल्यांपैकी किती टिकले? हा आकडा सरांना तोंडपाठ असेल तर ते सगळ्या मुलांना ओळखतात. नुसत्या पदकविजेत्यांची नावं पाठ असतील तर उत्तर मिळालं.

या यादीत वेळ जातो, हे खरं. आणि औशासारख्या गावात निवड तरी किती असते, असंही कुणी म्हणेल. चार क्लासमधून एक निवडायचा असेल तर पारख चालते, एकच असेल तर काय? तेव्हाही ती उपयोगाची आहे. पालक बसून बघतात, प्रश्न विचारतात, हे कळलं की शिकवणारा बदलतो. लातूरच्या शिकवण्या काही आपोआप सुधारल्या नाहीत, निकाल विचारणारे पालक दारात उभे होते.

एका अंतिम लढतीची आठवण

७ जानेवारी २०२०, पुण्याचं बालेवाडी क्रीडा संकुल. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत माती विभागातून आलेला लातूरचा शैलेश शेळके आणि गादी विभागातून आलेला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर समोरासमोर होते. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, एकाच संकुलात सराव करणारे, एकमेकांचे डाव पाठ असलेले. वस्तादानं एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी शिकवलं असतं तर ते त्या रात्री अख्ख्या महाराष्ट्राला दिसलं असतं. लढत ३-२ अशी सुटली. हर्षवर्धन जिंकला आणि जिंकल्यावर त्यानं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं.

गदा एकालाच मिळते. पण ३-२ हा निकाल आणि तो खांदा, दोन्ही एकाच तालमीतून आले होते. वस्तादाची पारख करायची तर गदेइतकंच या दोन गोष्टींकडेही पाहायला हवं.

औशातल्या पालकांनी पहिल्या भेटीत सगळे प्रश्न विचारले नाहीत तरी चालेल, एक मात्र जरूर विचारावा. 'सर, आमचं लेकरू उद्या तुमच्यापेक्षा पुढे गेलं, तर तुम्ही त्याला कुणाकडे पाठवाल?' नाव घेऊन उत्तर देणारा शिक्षक भेटला, तर तिथे खुशाल फी भरावी.